थांबायला शिकवणारी फाइल : मोटारीची धडक बसलेल्या पादचाऱ्यासाठीच्या एका सल्लासेवेचे परीक्षण

रस्त्याने पायी जाताना मोटारीची धडक बसलेल्या माणसाला दवाखान्याचे कागद, पोलिसांकडील नोंद आणि विमा कंपनीकडचा दावा यांतून वाट काढून देणारी एक सल्लासेवा मी सव्वा वर्ष वापरली. माझी फाइल मागच्या महिन्यात बंद झाली, त्यामुळे आता तिच्याविषयी शांतपणे लिहिता येईल असे वाटते. सेवेचे नाव मी देणार नाही, कारण माझ्या काही तक्रारी आहेत आणि तिथल्या ज्या सल्लागारबाईंनी माझे काम मनापासून केले त्यांच्या माथी त्या तक्रारी यायला नकोत. सुरुवातीलाच सांगून टाकते की या सेवेने मला मिळवून दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे वेळ, आणि तिने सर्वांत जास्त वाया घालवलेली गोष्टही तीच.

अपघात तसा दिसायला किरकोळ होता. रस्ता ओलांडायच्या पट्ट्यांवर मी अर्ध्यापर्यंत पोहोचले होते, सिग्नल पादचाऱ्यांच्या बाजूचा होता, आणि वळून येणाऱ्या एका मोटारीचा बंपर माझ्या डाव्या गुडघ्याला लागला. मी पडले, लगेच उठले आणि भोवती जमलेल्या लोकांना दोनदा सांगितले, की मला काही झालेले नाही. अंगात भीतीने भिनलेल्या रसायनांमुळे पहिला तासभर वेदना दबून राहू शकतात, हे मला नंतर कळले. त्या क्षणी मात्र लोकांची गर्दी आणि माझी धूळ लागलेली पिशवी यांचीच मला जास्त लाज वाटत होती. चालक सज्जन होता. त्याने पाणी दिले, स्वतःचा नंबर दिला आणि दवाखान्याचा खर्च मी देतो, पोलिसांचे लचांड कशाला, असेही सुचवले. मी मान डोलावणारच होते, तेवढ्यात एका विद्यार्थिनीने मोटारीच्या नंबरपाटीचा आणि पट्ट्यांवरच्या चाकांचा फोटो काढला, माझ्याच ग्रंथालयाच्या पावतीमागे स्वतःचा फोन नंबर लिहिला आणि पावती माझ्या मुठीत कोंबली. पुढच्या सव्वा वर्षात त्या पावतीइतका उपयोगी कागद माझ्या फाइलमध्ये दुसरा नव्हता.

संध्याकाळपर्यंत गुडघ्याची वाटी सुजेत दिसेनाशी झाली. रात्री दवाखान्यात काढलेल्या एक्स-रेमध्ये काही आढळले नाही. तिसऱ्या दिवशी पाय टेकवेना म्हणून सीटी स्कॅन केला, तेव्हा नडगीच्या हाडाचा वरचा सपाट भाग बाहेरच्या बाजूने चिरून किंचित खाली दबल्याचे दिसले. पादचाऱ्यांना मोटारीच्या पुढच्या पट्टीच्या उंचीवर मार बसून असे हाड मोडते, म्हणून डॉक्टर त्याला पूर्वीपासून ‘बंपर फ्रॅक्चर’ म्हणत आले आहेत. असे फ्रॅक्चर सांध्याच्या पृष्ठभागापर्यंत गेलेले असते, त्यामुळे हाड जुळून आले तरी काही वर्षांनी त्या गुडघ्यात संधिवात सुरू होण्याची शक्यता उरते, आणि दाव्याच्या दृष्टीने सगळी मेख याच वाक्यात होती.

या सेवेकडे मी गेले ती बाराव्या दिवशी, आणि माझी पहिली तक्रार त्यांच्या दारातलीच आहे. त्यांच्या संकेतस्थळावरचा नोंदणीचा फॉर्म दावेदाराच्या वाहनाचा नंबर भरल्याशिवाय पुढे सरकतच नव्हता. माझ्याजवळ वाहन नव्हते, मी चालत होते. शेवटी मी तिथे ओळीने शून्ये टाकली, तेव्हा पुढचा प्रश्न आला, ‘आपण चालक होता की सहप्रवासी?’ जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे २०२१ मध्ये जगभरात रस्त्यांवर सुमारे ११ लाख ९० हजार माणसे मरण पावली आणि त्यांपैकी सुमारे २ लाख ७४ हजार, म्हणजे २३ टक्के, पायी चालणारी होती. अपघातग्रस्तांना सेवा देतो म्हणणाऱ्यांच्या फॉर्मवर इतक्या मोठ्या समूहासाठी एक चौकोनही नसावा, ही गोष्ट विसरभोळेपणाची म्हणून सोडून देणे मला जड जाते. मी हे लेखी कळवले. फाइल बंद होईपर्यंत फॉर्म तसाच होता.

प्रत्यक्ष भेट मात्र या फॉर्मच्या अगदी उलट होती. सल्लागारबाईंनी पैशांचा विषय काढण्याआधी डोक्याला मार लागला होता का, हे विचारले. लागला होता, पण रुग्णवाहिकेतल्या कागदावर ‘१५ पैकी १५’ असे लिहिलेले असल्यामुळे मी ती बाब संपली असे धरले होते. त्यांनी समजावून सांगितले, की ही मोजपट्टी ग्लासगोमध्ये १९७४ साली तयार झाली, डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल या तीन गोष्टींवरून ती शुद्धीची पातळी ३ ते १५ अशा आकड्यांत सांगते, आणि पूर्ण गुण मिळाले म्हणजे मेंदूला हादरा बसलेलाच नाही असे मुळीच नव्हे. अपघातापासून मला वाचताना शब्द हलल्यासारखे दिसत होते आणि भांड्यांचा आवाज सहन होत नव्हता, पण हे मी कोणालाच सांगितले नव्हते, कारण कोणी विचारले नव्हते. त्यांनी त्याच दिवशी मला पुन्हा डॉक्टरांकडे पाठवले आणि ही लक्षणे केसपेपरवर उतरवून घ्यायला सांगितली. तब्येतीसाठी तर ते आवश्यक होतेच; पण दुखणे आणि त्याची पहिली नोंद यांत जितके अंतर पडते, तितकी विमा कंपनीला हे दुखणे अपघाताचे कशावरून, असे विचारायला जागा मिळते, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले.

इथे दवाखान्याने दिलेल्या एका अर्ध्या पानाचा उल्लेख करायला हवा, कारण या सगळ्या प्रकरणातला उत्तम लिहिलेला कागद तोच होता. डोक्याला मार लागलेल्या माणसाजवळ पहिले चोवीस तास कोणीतरी असावे, आणि डोकेदुखी वाढत गेली, पुन्हा पुन्हा उलटी झाली, माणूस नीट जागा होईना, बरळू लागला, झटका आला, हातापायातली ताकद गेली, किंवा कानानाकातून पाण्यासारखा द्रव आला, तर क्षणही न दवडता परत यावे, एवढेच त्यावर मोठ्या अक्षरांत होते. कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचू लागले, तरी माणूस मधले काही तास अगदी व्यवस्थित बोलत राहू शकतो, हे डॉक्टरांनी तोंडी सांगितले तेव्हा माझ्या बहिणीने रात्रभर दर दोन तासांनी मला हलवून माझे नाव विचारले. पायासाठीही अशीच एक सूचना होती : पोटरी दगडासारखी ताठली, बोटे बधिर झाली किंवा मारापेक्षा दुखणे कितीतरी जास्त वाटू लागले, तर सकाळची वाट पाहू नये. सल्लासेवेच्या छत्तीस पानी माहितीपुस्तिकेत यातले काही नव्हते. संस्थापकांची छायाचित्रे मात्र चार होती.

पहिल्या भेटीचा दुसरा तास एका कोऱ्या कागदावर गेला. मला पेन्सिल देऊन रस्ता, पट्टे, सिग्नलचा खांब, मी कुठे होते आणि मोटार कुठून आली, हे काढायला सांगितले. मी मोटार उजवीकडून आलेली दाखवली. पोलिसांना दिलेल्या जबाबातही मी तसेच सांगितले होते. बाईंनी सीटी स्कॅनचा अहवाल नकाशाशेजारी ठेवला आणि विचारले, “तुमच्या डाव्या गुडघ्याचे हाड बाहेरच्या बाजूने दबले आहे. मग मोटार उजवीकडून कशी येईल?” पडताना मी गोल फिरले होते आणि डोळे उघडले तेव्हा मोटार उजव्या हाताला उभी होती, एवढेच माझ्या आठवणीत होते, धडकेचा क्षण आठवणीत नव्हताच, तो मी नंतर माझ्याच मनाने भरून काढला होता. आता हे चुकीचे वाक्य पोलिसांच्या कागदावर होते आणि समोरचा पक्ष त्यावरून माझा सगळाच जबाब खोटा ठरवू शकला असता. बाईंनी ते वाक्य लपवायचा किंवा त्याला वळण द्यायचा सल्ला दिला नाही. मी पुरवणी जबाब देऊन, पहिल्या दिवशी दिशा अंदाजाने सांगितली होती आणि वैद्यकीय अहवालावरून चूक लक्षात आली, असे सरळ लिहून द्यावे, असे त्यांनी सुचवले. विद्यार्थिनीच्या फोटोतल्या चाकांच्या दिशेशीही ते जुळले. जे दिसले नाही त्याबद्दल ‘आठवत नाही’ असे म्हणायला जबाबात पूर्ण मुभा असते, ही गोष्ट अपघाताच्या दिवशी मला कोणी सांगायला हवी होती.

त्याच प्रामाणिकपणाने त्यांनी माझ्या कानात काही होते का, हेही विचारले. एका कानात गाणी चालू होती. मी चाचरले, तेव्हा त्यांनी सांगितले की अनेक देशांच्या कायद्यांत पादचाऱ्याचा थोडा निष्काळजीपणा निघाला तरी दावा बुडत नाही, भरपाई त्या प्रमाणात कमी होते. लपवलेली गोष्ट नंतर बाहेर आली तर मात्र तिच्याबरोबर बाकीचे खरेही बुडते.

कॅमेऱ्यांच्या बाबतीत त्यांची तत्परता वाखाणण्यासारखी होती आणि माझी दिरंगाई तितकीच नडली. देखरेखीचे बहुतेक कॅमेरे जुन्या चित्रणावरच नवे चित्रण करत जातात, कुठे आठवड्यात तर कुठे महिन्यात, त्यामुळे चित्रण जपून ठेवण्याची लेखी विनंती पहिल्या एकदोन दिवसांतच जायला हवी. त्यांनी भेटीच्या दिवशीच चार पत्रे पाठवली. चौकातल्या दुकानाचे चित्रण तोवर पुसले गेले होते. मागे उभ्या असलेल्या बसच्या काचेवरच्या कॅमेऱ्यातले, नशिबाने, जपलेले निघाले. त्यात मी हिरव्या सिग्नलवर चालताना दिसते आणि मोटारीचा वेग मुळीच जास्त नव्हता हेही दिसते. तो दुप्पट असता तर धडकेतली ऊर्जा चौपट झाली असती, आणि हे परीक्षण लिहायला मी उरले असते की नाही कोण जाणे.

आता त्या वेळेविषयी. पाचव्या दिवशी, म्हणजे ही सेवा घेण्याच्या आधीच, चालकाच्या विमा कंपनीतून अतिशय मृदू आवाजात फोन आला होता. कशा आहात, असे विचारल्यावर मी जे कोणालाही म्हणते तेच म्हणाले, “बरी आहे.” ते संभाषण ध्वनिमुद्रित होत होते आणि पुढे कंपनीच्या पत्रात ‘दावेदाराने पाचव्या दिवशी आपण बऱ्या असल्याचे सांगितले’ असे वाक्य बनून आले. शिष्टाचाराचे दोन शब्द वैद्यकीय पुरावा म्हणून आपल्याच अंगावर आलेले पाहणे हा अनुभव चमत्कारिक असतो. त्या फोननंतर आठवड्याभरात एक रक्कम आणि एक तडजोडनामा घरी आला. खर्चाने घायकुतीला आलेल्या माझ्यासारखीला रक्कम बरी वाटली आणि मी सही करणार होते. सल्लागारबाईंनी त्या कागदातल्या तिसऱ्या परिच्छेदाखाली पेन्सिलने रेघ ओढली : ‘ज्ञात किंवा अज्ञात, आज असलेल्या किंवा पुढे उद्भवणाऱ्या सर्व दुखापतींबाबत ही अंतिम व संपूर्ण तडजोड समजावी.’ गुडघा अजून प्लॅस्टरमध्ये होता, शस्त्रक्रिया लागेल की नाही हे ठरले नव्हते, आणि मी त्या गुडघ्याचे पुढच्या वीस वर्षांचे दुखणे विकायला निघाले होते.

त्यांचे सूत्र असे होते, की सुधारणा जिथे येऊन थांबते तिथपर्यंत दुखापतीची किंमत कोणीही ठरवू नये, ना समोरच्याने, ना आपण. अर्थात अनंतकाळ थांबता येत नाही, दावा दाखल करण्याची कायदेशीर मुदत प्रत्येक देशात वेगळी असते आणि काही प्रकारच्या दाव्यांत ती फारच तोकडी असते. म्हणून माझ्या फाइलच्या मुखपृष्ठावर लाल शाईने शेवटची तारीख लिहिली होती आणि तिच्याखाली त्याआधी नव्वद दिवसांची दुसरी तारीख. मधल्या काळात मला सह्या करण्याचा आग्रह करणारे तीन फोन आले. प्रत्येक वेळी मी त्यांनी सांगितलेले एकच वाक्य वाचून दाखवले, की उपचार चालू आहेत, यापुढे कृपया लेखी कळवावे. अकराव्या महिन्यात डॉक्टरांनी गुडघा पूर्ण वाकणार नाही असे लिहून दिले, आणि मग आलेली रक्कम पहिल्या रकमेच्या चौपटीहून थोडी जास्त होती. सेवेने आपले शुल्क कुठे कमावले असेल तर ते इथे, काही न करता थांबण्यात.

दररोज लिहायला त्यांनी दिलेली छापील वही मात्र मला फारशी पटली नाही. तिच्यात प्रत्येक दिवसासाठी वेदना शून्य ते दहामध्ये किती, एवढाच मोठा रकाना होता. मी आठवडाभर ‘६’, ‘६’, ‘५’, ‘६’ असे लिहिले आणि नंतर मलाच ते आकडे कोणाचे आहेत ते कळेना. मग मी समासात लिहू लागले : ‘जिना बसून उतरले, एकेक पायरी सरकत’, ‘कुबडीमुळे हातात चहा घेऊन दुसऱ्या खोलीत जाता येत नाही, ओट्याशीच उभी राहून प्यायले’, ‘रस्ता ओलांडताना तीन सिग्नल सोडले, पाय उचलेना’. शेवटच्या वाटाघाटीत सल्लागारबाईंनी वाचून दाखवले ते समासातलेच. वही देणाऱ्यांनी समासच मोठा ठेवावा, अशी माझी सूचना आहे.

सेवेतल्या उणिवा आता एका दमात सांगते. पहिल्या भेटीनंतर सल्लागारबाईंशी थेट बोलणे पाच वेळाच झाले. मधे कारकून तीनदा बदलले आणि प्रत्येकाला मी कोणता पाय, हे नव्याने सांगितले. फोन परत येण्यास सरासरी चार दिवस लागत, आणि लाल शाईची तारीख जवळ येत असताना एकदा पंधरा दिवस कोणीच उत्तर दिले नाही. त्यांची पत्रे अशा भाषेत असत की मला ती दोनदा वाचून तिसऱ्यांदा बहिणीला वाचायला द्यावी लागत. सर्वांत खटकलेली गोष्ट अशी, की मागणीच्या पहिल्या मसुद्यात दवाखान्याची बिले आणि बुडालेला पगार होता, पण नऊ आठवडे पाय टेकवायचा नव्हता त्या काळात बहिणीने बिनपगारी रजा घेऊन माझे जे केले, त्याचा मागमूसही नव्हता. घरच्या माणसाने केलेल्या शुश्रूषेचे मोल अनेक ठिकाणी दाव्यात मागता येते. मी विचारले तेव्हा त्यांनी ते जोडले. विचारले नसते तर राहिले असते. फिजिओथेरपीच्या पुढच्या दोन वर्षांचा अंदाजही मीच माझ्या फिजिओकडून लिहून आणला.

शुल्काबद्दल लिहिणे भाग आहे, कारण या क्षेत्रात घोळ तिथेच होतो. या सेवेचे शुल्क टप्प्यांनुसार ठरलेले होते : कागद जमवणे, विमा कंपनीशी बोलणी आणि लागलेच तर न्यायालय. माझे काम दुसऱ्या टप्प्यात संपले, त्यामुळे तिसऱ्याचे पैसे लागले नाहीत. काही देशांत वकिलांना मिळालेल्या भरपाईतून टक्केवारी घेता येते, काही देशांत ते निषिद्ध आहे; जिथे चालते तिथे टक्केवारी खर्च वजा करण्याआधी मोजणार की नंतर, हे सही करण्यापूर्वी लेखी घ्यावे. शंभरांतले वीस खर्चात गेले असतील, तर एक तृतीयांश शुल्क आधी कापल्यास हाती सुमारे सत्तेचाळीस उरतात आणि खर्च वजा करून मग कापल्यास सुमारे त्रेपन्न. माझ्या करारात तज्ज्ञ डॉक्टरांचे मत, टपाल आणि छायाप्रती यांचा खर्च वेगळा होता, आणि ते सातव्या पानावर बारीक अक्षरांत होते. धडक देऊन वाहन पळून गेले तर काय, हेही मी उत्सुकतेने विचारले. अशा अज्ञात वाहनांसाठी अनेक देशांत वेगळा निधी असतो आणि त्यासाठी पोलिसांकडची लवकरची नोंद अत्यावश्यक असते, एवढे उत्तर मिळाले, आणि ते विनाशुल्क मिळाले.

कोणी विचारले तर मी ही सेवा घ्या असेच सांगेन, पण बाराव्या दिवशी नव्हे, दुसऱ्या दिवशी, आणि पहिल्याच भेटीत तुमचे काम कोण पाहणार आणि ती व्यक्ती आठवड्यातून कोणत्या वेळी फोनवर भेटेल, हे लिहून घेऊन. ज्यांची दुखापत खरोखर खरचटण्यापुरती आहे आणि डॉक्टरांनी तपासून तसे लिहून दिले आहे, त्यांना या सेवेची गरज नाही. बिले जपून ठेवली आणि कंपनीशी लेखी बोलले की पुरते.

मागच्या महिन्यात फाइल परत मिळाली. त्यात ग्रंथालयाची पावती होती, अपघाताच्या दिवशीचे न धुतलेले कपडे कागदी पिशवीत मोहोरबंद होते आणि वर अंतिम बिल होते. बिलाच्या शेवटून दुसऱ्या ओळीत, पहिल्या भेटीत मीच पेन्सिलने काढलेल्या आणि चुकलेल्या नकाशाच्या चार छायाप्रतींचे शुल्क लावलेले होते. ते मी भरले, आणि नकाशा मात्र परत मागून घेतला.